फॅटी लिव्हर निघालं? हळदीच्या गोळ्या राहू द्या, आधी ताट बघा

सांगलीत कुणाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड 1', म्हणजे यकृतात चरबी साठण्याची पहिली पायरी, निघालं की संध्याकाळपर्यंत घरात तीन गोष्टी हजर होतात: हळदीच्या गोळ्यांची बाटली, गुळवेलीचा काढा आणि शेजारच्या काकूंचा "रात्रीचं जेवण बंद कर" हा सल्ला. माझ्या वेळी तिन्ही आल्या. तिन्हींतली एकही यकृताच्या खऱ्या गरजेची नव्हती. हळदीच्या गावात राहून हे म्हणणं जिवावर येतं, पण आहे ते आहे.

आधी यकृत काय करतं ते थोडक्यात. आलेली साखर, चरबी, औषधं, दारू या सगळ्यांचा निपटारा तिथे चालतो आणि त्या धबडग्यात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. त्यांना आवरणारा माल म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि तो यकृत स्वतःच बनवतं. त्यातला मुख्य ग्लुटाथायोन. तो तीन अमायनो आम्लांचा, म्हणजे प्रोटीनच्या विटांचा, बनतो: ग्लुटामेट, ग्लायसिन आणि सिस्टीन. पहिली दोन शरीराला सहज मिळतात, अडतं ते गंधकवाल्या सिस्टीनपाशी. शिवाय मदतीला एन्झाइम्स, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया चालवणारी प्रोटीनं, असतात. त्यांना जस्त, तांबं, मँगनीज, सेलेनियम लागतं, आणि वापरलेला ग्लुटाथायोन पुन्हा ताजा करायला बी-2 जीवनसत्त्व. म्हणजे अँटिऑक्सिडंट विकत आणून गिळण्यापेक्षा ते बनवायचा कच्चा माल ताटात पडला पाहिजे. ग्लुटाथायोनची गोळी बहुतांशी आतड्यातच फुटून जाते. ब्युटी पार्लरमधल्या गोरं करणाऱ्या ग्लुटाथायोनच्या सलाईनचा तर विषयच नको.

पहिलं काम: ओझं उतरवा

कागद घ्या आणि दिवसभरातले चहा मोजा. माझे पाच भरले, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमचा 4 ते 5 ग्रॅमचा धरला तरी 40 ते 50 ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि त्यात बिस्किटं, सरबत, पेढे सगळं धरलेलं असतं. "आम्ही गुळाचा चहा घेतो" असं इथे उसाच्या पट्ट्यात अभिमानाने सांगतात. गुळात लोह किंचित जास्त असेल, पण यकृताच्या हिशेबात गूळ, काकवी आणि साखर एकाच घरच्या. त्यांच्यातला फ्रुक्टोज बराचसा यकृतातच जिरतो आणि जास्त झाला की त्याची चरबी होते. आठवड्याला प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करत गेलो, महिन्याभरात जिभेला कळलंही नाही. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर खुशाल घ्या. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे आजार कमी आढळतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलंय.

दारूबद्दल दोनच वाक्यं. ती ग्लुटाथायोन घटवते आणि फ्री रॅडिकल्स वाढवते. रिपोर्टमध्ये काही निघालं असेल तर बंद करा.

भजी तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. काळं पडलेलं, फेसाळणारं तेल फेकायला जीव होत नाही, पण जळक्या तेलातले घटक शेवटी यकृतालाच निस्तरावे लागतात.

मग प्रोटीन, आणि इथे रेंगाळायला हवं

आपल्या ताटात भाकरी दोन, भात डोंगराएवढा आणि आमटी वाटीत तळाला. हे उलटं करायचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार वजनाच्या किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅमच्या आसपास. गंधकवाली अमायनो आम्लं डाळीत कमी असतात, ज्वारी-बाजरीत त्या मानाने बरी. धान्यात जे कमी पडतं ते डाळीत मिळतं. म्हणून भाकरी आणि घट्ट आमटी ही जोडी मोडू नका. त्यात वाटीभर दही किंवा ताक घाला, बी-2ची सोय होते. खात असाल तर रोज एक अंडं.

मटकी मोड आणूनच करा. सकाळी भिजत घाला, रात्री ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड येतात. भिजल्यावर आणि मोड आल्यावर त्यातलं फायटेट, म्हणजे खनिजं धरून ठेवणारा कडधान्यातला घटक, कमी होतं, आणि फायटेटने धरून ठेवलेलं जस्त अंगी लागतं. कट मात्र बेताचा, तर्री तर फारच बेताची.

कोबी चिरून लगेच कढईत टाकू नका

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, मोहरी हे एकाच कुळातले. चिरलं की त्यांच्या पेशी फुटतात आणि आतलं एन्झाइम तिखट गंधकी घटक तयार करतं. किसलेला मुळा नाकात झोंबतो तो याचमुळे. 1992 साली अमेरिकेत पॉल तलाले यांच्या प्रयोगशाळेने ब्रोकोलीतून असाच सल्फोराफेन वेगळा केला. हे घटक पेशीतला एक स्विच चालू करतात आणि पेशी आपलं संरक्षक सामान जास्त बनवायला लागते. पण ते एन्झाइम उष्णतेने मरतं. म्हणून कोबी बारीक चिरून अर्धा तास तसाच ठेवा, मग फोडणीला टाका. त्याहून बरं म्हणजे कोबीची पचडी किंवा मुळ्याची कोशिंबीर. फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते एन्झाइम उरत नाही. शिजलेल्या कोबीवर चिमूटभर कच्ची मोहरीपूड भुरभुरली तर ती कसर थोडी भरून निघते.

सोबत पेरू किंवा आवळा असू द्या. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट.

शेंगदाणे परातीत पसरा

दाण्याच्या कुटाशिवाय आपली एक भाजी होत नाही, आणि नेमकं तिथेच लक्ष हवं. पावसाळ्यात ओल लागलेल्या शेंगदाण्याला आणि मक्याला एक बुरशी धरते, तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. यकृत त्याला ग्लुटाथायोन खर्चूनच निकामी करतं. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. भाजायच्या आधी दाणे परातीत पसरून सुरकुतलेले, काळपट, हिरवट पडलेले वेचून टाका. कोंबडीलाही घालू नका. भाजल्यावर एखादा कडू लागला तर गिळू नका, थुंका. स्वस्तात मिळालेला तयार कूट मी आणत नाही. त्यात कुठले दाणे गेले ते कळत नाही.

हळद: आमटीत हो, बाटलीत नाही

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, शेजारच्या हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद तर आपल्या गप्पांत अजून आहे. तरी आकडे बघा. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. आमटीतल्या पाव चमच्यातून जेमतेम 20-30 मिलिग्रॅम. एका 500 मिलिग्रॅमच्या गोळीत 15 ग्रॅमहून जास्त हळदीचं कर्क्युमिन, वर मिऱ्याचा पिपेरिन घालून शोषण वाढवलेलं. अशा गोळ्यांनी यकृतालाच सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्यात. गुळवेलीच्या काढ्याने यकृत बिघडल्याचे रुग्ण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. स्वयंपाकातली हळद घाला, हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेतली तर भेसळीची धास्तीही नाही.

उपवास आणि तापाची गोळी

काकूंचा सल्ला इथे चुकतो. उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातला ग्लुटाथायोन एक-दोन दिवसांत निम्म्यावर येतो, कारण सिस्टीनचा पुरवठा तुटतो. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे नुसता स्टार्च. उपवास करायचाच तर वेचलेले शेंगदाणे, दही, दूध, राजगिरा, भगर असं ठेवा. आणि उपवासात ताप आला तर पॅरासिटामॉलचा हिशेब नीट ठेवा. ती गोळी पचवताना एक विषारी घटक तयार होतो, त्याला ग्लुटाथायोनच बांधतो. गोळी जास्त झाल्यावर रुग्णालयात ज्या औषधाने जीव वाचवतात ते एन-असिटिल सिस्टीन, म्हणजे सिस्टीनच वेगळ्या रूपात. धडधाकट माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमची वरची मर्यादा, उपाशी किंवा रोज पिणाऱ्याला त्याहून बरीच कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, पाकिटामागचं औषधाचं नाव वाचा.

वजन जास्त असेल तर 7 ते 10 टक्के उतरवा, पण महिन्यात नव्हे, सहा-आठ महिन्यांत. झटपट उतरवलं तर यकृतावरच ताण येतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द झाली किंवा पोट फुगलं तर ताटाशी खेळत बसू नका, डॉक्टर गाठा. बाकी रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा तीन-सहा महिन्यांनी. तपासणीला जाताना घरात असलेल्या सगळ्या बाटल्या, काढ्याची पुडीसुद्धा, पिशवीत घालून घेऊन जा.