दूध-तूप सोडून व्हीगन जेवण कसं जमवायचं, आणि त्यात दही कसं लावायचं

व्हीगन व्हायचंय, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच खायचं नाही म्हटलं की लगेच कोणीतरी सांगतं, बदामाचं दूध आण, किन्वा आण, ॲव्होकॅडो आण. काही गरज नाही हो! पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, आमटी, थालीपीठ, पोहे हे सगळं तेलाच्या फोडणीचंच असतं. शाकाहारी घरात काढायचं ते वरून घातलेलं तूप, दही-ताक, पनीर, चहातलं दूध आणि मध, बाकी स्वयंपाक आहे तसाच राहतो.

प्रोटीनचं फार टेन्शन घेऊ नका, फक्त वरण पाणीदार करणं बंद करा. दोन्ही वेळेला घट्ट वरण किंवा वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे, अधूनमधून सोया चंक्स, एवढं नेमाने खा.

आता दही. मी सगळ्यात जास्त इथेच अडकले होते आणि बरेच लोक व्हीगन जेवण इथेच सोडतात, कारण भातावर दही-ताक नसेल तर जेवल्यासारखंच वाटत नाही. विकतचं व्हीगन दही महाग पडतं, म्हणून घरी शेंगदाण्याचं लावा. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घाला, भाजलेले अजिबात नकोत, भाजल्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. सकाळी चोळून सालं काढा, थोडं थोडं पाणी घालत अगदी गंधासारखं बारीक वाटा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. पाणी एकूण तीन वाट्यांच्या वर नको, नेटवरच्या रेसिप्यांत पाच-सहा वाट्या सांगतात आणि मग दही लागतच नाही, नुसतं आंबट पाणी होतं. चोथा थालीपिठात घाला.

हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं. "कच्चंच विरजा, पोषण टिकतं" हा सल्ला कृपया ऐकू नका, कच्च्या दुधाला उग्र वास राहतो आणि दही नीट धरत नाही. हे दूध तळाला पटकन लागतं आणि फेस येऊन उतूही जातं, त्यामुळे गॅससमोरून हलू नका. कच्चा वास गेला आणि दूध जरा दाट झालं की उतरवा. मग बोट बुडवून बघायचं, सहज सहन झालं पाहिजे, चटका बसला तर अजून थांबा.

विरजण पहिल्या वेळी हिरव्या मिरच्यांच्या देठांचं. ताज्या मिरच्यांचे टोपीसकट आठ-दहा देठ धुवून, पुसून त्यात बुडवा, झाकून उबदार जागी ठेवा. उन्हाळ्यात सात-आठ तासांत लागतं, थंडीत भांडं टॉवेलात गुंडाळून रात्रभर तरी ठेवावं लागतं. उघडल्यावर कडेने थोडं पिवळसर पाणी सुटलेलं आणि मध्ये मऊ थर दिसला की झालं. हे पहिलं दही सैल असतं आणि मिरचीचा वास मारतो, लोक इथेच नाक मुरडून फेकून देतात. फेकू नका! देठ काढून टाका आणि याचाच चमचाभर पुढच्या दुधाला विरजण लावा, दुसरं-तिसरं लावलेलं दही खरं खाण्यासारखं होतं. वर गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर मात्र सगळं टाकून द्यायचं, वरवर काढून खायचं नाही. या दह्याची कढी करताना बेसन जरा जास्त लावा आणि उकळी फुटू देऊ नका.

चहाला सोया दूध चालतं, पण उकळत्या आल्याच्या चहात ओतलं की फाटतं. दूध वेगळं गरम करून गॅस बंद केल्यावर घाला.

व्हिटॅमिन बी१२ वनस्पतींतून मिळत नाही, त्याबाबतीत मी कुणाचंच काही ऐकून घेत नाही. इडलीत असतं, स्पिरुलिनात असतं, न धुतलेल्या भाजीत असतं, हे ऐकून गोळी टाळू नका. स्पिरुलिनातला प्रकार आपल्या शरीराला वापरताच येत नाही. गरज रोजची साधारण २.५ मायक्रोग्रॅम, पण लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो म्हणून सुरुवातीला छान वाटतं आणि मग हातापायाला मुंग्या, थकवा सुरू होतो, नसांचं झालेलं नुकसान कधीकधी पूर्ण भरूनही येत नाही. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निश्चिंत राहू नका, पालेभाज्यांतल्या फोलेट या व्हिटॅमिनमुळे बी१२ ची कमतरता रक्तात लपून राहू शकते. सुरुवातीलाच बी१२ आणि व्हिटॅमिन डी तपासा, डोस डॉक्टरांना विचारून घ्या, आणि गरोदर असाल किंवा लहान मुलांना हे जेवण द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं) असतं आणि गोळीतलं व्हिटॅमिन डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट पदार्थापासून काढतात, लायकेनपासून बनवलेलंही मिळतं (आपलं दगडफूल लायकेनच).

कॅल्शियमसाठी नाचणी, न सोललेले तीळ, शेवग्याचा पाला. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम अडवतं. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी रोज चमचाभर, पण कुटूनच, अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. उसळीवर लिंबू पिळा म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा नको.

बाहेरचं घेताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, त्यात दूध चालतं. पाकिटावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन (सगळे दुधातलेच) शोधा, ब्रेड-बिस्किटांत हमखास सापडतात. लग्नाकार्यात पान वाढायच्या आधीच तूप नको म्हणून सांगून ठेवा, वाढल्यावर सांगितलं तर वाढणारी माणसं ओशाळतात. सणाला पुरणपोळीवर तुपाऐवजी गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस घ्या, कोकणात शिरवाळ्यांबरोबर (तांदळाच्या शेवयांबरोबर) तो पिढ्यानपिढ्या खातातच.