फायबरच्या बोटीचा खरखरीत डेक: मळ आणि डाग काढायची रीत

डेकचा गुळगुळीत भाग ओल्या फडक्यानं पुसला तरी उजळतो. त्याला लागूनच असलेला, पाय घसरू नये म्हणून नक्षी उठवलेला भाग मात्र कितीही घासला तरी मळकट करडा राहतो. ताकद कमी पडते म्हणून असं होत नाही. ब्रशचे केस उंचवट्यांच्या माथ्यावरून सरकतात आणि मळ खालच्या खाचेत तसाच बसून राहतो. त्यात फायबरवरचा जेलकोटचा, म्हणजे रेझिनचा बाहेरचा चकचकीत थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो सच्छिद्र होतो आणि बारीक धूळ त्या छिद्रांत शिरते. जोर लावून घासलं तर उंचवट्यांची टोकं झिजतात, पकड कमी होते आणि खाचेतला मळ जागचा हलत नाही. म्हणून या कामात दोनच गोष्टी सांभाळायच्या: मळाला ओल्यात सुटायला वेळ द्यायचा, आणि सुटलेलं गढूळ पाणी वाळायच्या आत उचलून घ्यायचं. वाळलेला मळ परत खाचेत जाऊन बसतो.

कुठे आणि केव्हा

गंगापूर धरणाच्या पाण्यावर किंवा काठावर हे काम करू नये, साध्या साबणानंसुद्धा नाही. नाशिक शहर तेच पाणी पितं. बोट ट्रेलरवर घेऊन आवारात आणावी, जिथे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जाईल. पावसाळी गटारात सोडलेलं पाणी शेवटी नाल्यातून गोदावरीलाच मिळतं, त्यामुळे तोही मार्ग नको.

धुवायला नळाचं पाणी वापरा. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते डेकवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात, आणि पुढे गंज काढायला ऑक्सॅलिक ऍसिड वापरताना तर ते सरळ आडवं येतं. बोअरशिवाय इलाज नसेल तर निदान रसायन कालवायला आणि शेवटच्या धुण्याला नळाचं पाणी साठवून ठेवा.

मार्च ते मे सकाळी सातला सुरुवात करून दहाच्या आत आवरावं. डेकला तळहात टेकवत नसेल तर त्यावर कुठलंही द्रावण टाकू नका, ते मिनिटभरात वाळून स्वतःच डाग होऊन बसेल. मोठी सफाई पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करणं सगळ्यात सोयीचं. शेवाळ तेव्हा ताजं असतं आणि ऊनही सोसवतं.

आधी डेक ओळखा

नक्षी साच्यातच उठवलेली असेल, म्हणजे चौकड्या किंवा बारीक पिरॅमिड एकसारखे दिसत असतील, तर तो जेलकोट आहे आणि खाली दिलेली सगळी रसायनं त्याला चालतात. उठाव अनियमित, वाळूसारखा असेल तर तो रेती किंवा दाणे मिसळलेला रंग आहे. खात्री करायची असेल तर नजरेआड असलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं ऍसिटोन घेऊन दहा सेकंद चोळा. फडक्याला रंग लागला तर तो साधा, एका डब्यातला रंग आहे. अशा डेकवर ब्लीच, थिनर आणि प्रेशर वॉशर तिन्ही वर्ज्य. साबण आणि मऊ ब्रश एवढंच. डेकवर चिकटवलेले रबरी किंवा फोमचे पट्टे असतील तर त्यांनाही थिनर, ऍसिटोन लावू नका, खालचा गोंद सुटतो.

याच वेळी डेकवर बारीक काळ्या रेषा दिसतात का तेही पाहा. त्या जेलकोटला पडलेल्या चिरा असतात. त्यात मळ शिरलेला असला तरी धुऊन तो जाणार नाही. त्या जागी ब्रशच्या प्लॅस्टिक मुठीनं हळू ठोकून बघा. आजूबाजूला टणक आवाज येतो आणि तिथे बद्द, तर आतल्या बाल्सा लाकडात किंवा फोममध्ये पाणी गेलेलं असू शकतं. तो भाग आधी दुरुस्तीला द्यावा.

मग डाग ओळखा

हिरवं असेल ते शेवाळ. काळे ठिपके बुरशीचे असू शकतात किंवा नुसत्या धुळीचेही. त्यावर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटं थांबा. फिकट झालं तर बुरशी, तसंच राहिलं तर मळ. पानाच्या आकाराचा तपकिरी डाग कुजलेल्या पानांतल्या टॅनिनचा, म्हणजे पाझरलेल्या तपकिरी द्रव्याचा असतो. स्टॅन्चनच्या (कठड्याच्या उभ्या खांबाच्या) पायापासून किंवा स्क्रूपासून खाली ओघळलेला नारिंगी पट्टा गंजाचा. सगळ्या डेकभर विखुरलेले बारीक नारिंगी ठिपके दिसले तर आजूबाजूला ग्राइंडर चालतो का ते विचारा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात शेडमध्ये बोट ठेवली आणि शेजारी फॅब्रिकेशनचं काम असलं तर लोखंडाची गरम कणी उडून जेलकोटमध्ये रुतते आणि पहिल्या ओलीत गंजते. पांढरी खरखरीत पुटं क्षाराची. चपलेच्या काळ्या रेघा रबराच्या. मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्यानं ज्या पुसल्या जातात त्या रबर, डांबर किंवा तेलाच्या समजाव्यात.

ही ओळख वगळून थेट ब्लीच ओतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ब्लीच गंज काढत नाही, उलट लोखंडाला आणखी गंजवतं आणि डाग गडद होतो.

पहिली धुलाई

आधी कोरडा झाडू मारा, मग भरपूर पाणी मारून वाळूची कणी काढून टाका; ती राहिली तर ब्रशखाली पॉलिशपेपरसारखी चालते. १० लिटर कोमट पाण्यात ५० ते ६० मिली कार शॅम्पू किंवा भांडी घासायचं लिक्विड. कपडे धुण्याची पावडर नको, तिचे न विरघळलेले कण खाचेत अडकतात. ब्रश नायलॉनचा, मध्यम कडक, केस साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब. तारेचा ब्रश आणि तारेची घासणी डेकवर आणूच नका. तुटलेला लोखंडी तुकडा खाचेत राहिला की आठवड्याभरात तिथे गंजाचा ठिपका हजर.

काम एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यात करा. द्रावण टाका, पाच मिनिटं ओलं ठेवा, मग ब्रश गोल गोल फिरवा आणि शेवटी नक्षीच्या दोन्ही दिशांना एकेकदा, म्हणजे खाचेच्या चारही भिंतींना केस लागतील. आता महत्त्वाचं: ते काळं पाणी, पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्यानं ओढा. नसेल तर जाड, पाणी पिणारं मायक्रोफायबर फडकं दाबून उचला, पिळा, पुन्हा दाबा. पुसू नका, दाबा. पुसल्यानं मळ पुढच्या खाचेत जातो. मग पाणी मारा आणि पुढचा तुकडा घ्या. सुरुवात नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून करून कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) ड्रेनकडे या, म्हणजे धुतलेल्या भागावर पाय पडणार नाहीत.

प्रेशर वॉशर जेलकोटवर चालतो, पण दाब १०० बारच्या आत, पंख्यासारखी रुंद धार, नोझल किमान ३० सेंटिमीटर दूर. हॅचचे (डेकवरच्या झाकणांचे) गॅस्केट, फिटिंगखालचं सीलंट आणि चिरा यांवर धार नको. पाणी आत घुसलं की ते बाहेर काढणं डाग काढण्यापेक्षा शंभर पटीनं कठीण.

शेवाळ, बुरशी, द्राक्ष, पानाची पिचकारी

सेंद्रिय डागांवर सोडियम परकार्बोनेट सगळ्यात भरवशाचं. कपड्यांचे डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरीत हेच मुख्य द्रव्य असतं. सुटं मिळालं तर उत्तम, त्यात रंग-सुवास नसतो. ४०-५० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. थंड पाण्यात त्याचं काम फार मंदावतं. डेकवर ओतून १५ ते २० मिनिटं ओलं ठेवा, वाळायला लागलं तर वरून आणखी द्रावण शिंपडा. बारीक फेस येताना दिसेल, तोच फेस खाचेतला मळ वर उचलतो. मग हलका ब्रश, उचलणं, धुणं. द्रावण लागेल तेवढंच करा. काही तासांत त्याचा जोर संपतो. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावू नका, आत वायू साठून बाटली फुटते.

द्राक्षाच्या किंवा जांभळाच्या रसाचा डाग परकार्बोनेट पडताच निळसर-हिरवा होतो. घाबरून जाऊ नका. या फळांतला रंग परकार्बोनेटमधल्या सोड्याच्या संपर्कात असाच बदलतो, पुढच्या दहा मिनिटांत तो फिका पडतो. पानाच्या पिचकारीलाही आधी हेच द्रावण, आणि काताची तपकिरी झाक उरलीच तर नंतर ऑक्सॅलिक.

बुरशी याला बधली नाही तरच ब्लीच. बाजारातलं चार-पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग, पाणी दहा भाग, दहा मिनिटं, आणि भरपूर धुणं. शिडं, दोर आणि शिवलेलं कापड आधी दूर करा, कारण ब्लीच दोऱ्याची ताकद खातं. स्टीलच्या फिटिंगवर ते वाळू देऊ नका.

गंज आणि टॅनिन: ऑक्सॅलिक ऍसिड

फरशी पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात ऑक्सॅलिक ऍसिडची पावडर सहज मिळते, मोझॅकच्या घासाईत ती वापरतात. गंजाशी संयोग पावून ती त्याला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणते, म्हणून इथे घासायची गरजच पडत नाही. रबरी हातमोजे, चष्मा आणि पावडर कालवताना मास्क हवाच. पोटात गेली तर विषारी आहे आणि दिसायला साखरेसारखी, तेव्हा डब्यावर ठळक नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पावडर पूर्ण विरघळवा. बोअरचं पाणी घेतलं तर त्यातलं कॅल्शियम ऑक्सॅलिकशी मिळून पांढरा, पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. तो खाचेत बसला की काढणं जिकिरीचं. द्रावण गढुळलं तर टाकून द्या, आरओचं पाणी घेऊन पुन्हा करा.

डेकला उतार असतो, नुसतं ओतलेलं द्रावण वाहून जातं. म्हणून डागावर टिश्यू पेपरचे दोन-तीन पदर ठेवा, ते द्रावणानं भिजवा, ब्रशनं दाबून खाचेत बसवा आणि वर प्लॅस्टिकचा कागद अंथरा. १५ मिनिटांनी एक कोपरा उचलून पाहा. जुन्या डागाला अर्धा तास आणि दुसरी फेरी लागू शकते. मग धुऊन, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून ते पाणी वरून ओता. बुडबुडे थांबले की ऍसिड मारलं गेलं. पुन्हा स्वच्छ पाणी. ट्रेलरच्या गॅल्व्हनाइज्ड चौकटीवर ओघळ गेले असतील तर तीही धुवा, ऍसिड जस्ताचा थर खातं.

डाग गेला तरी त्याचं मूळ तसंच असतं. स्क्रू साध्या लोखंडाचा असेल तर बदलून ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा बसवा. स्टेनलेसच्या फिटिंगखालूनही तपकिरी पाणी येत असेल तर तिथलं सीलंट गेलं आहे. फिटिंग काढून नव्यानं सीलंट लावून बसवल्याशिवाय पट्टा परत परत उठेल.

एका वेळी एकच रसायन, आणि दोन रसायनांच्या मध्ये पूर्ण धुणं. ब्लीचच्या ओलाव्यावर ऑक्सॅलिक, व्हिनेगर किंवा कुठलंही ऍसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. हॅचखाली, केबिनच्या तोंडाशी वाकून काम करणाऱ्याच्या नाकात तो थेट जातो.

बाकीचे डाग

क्षाराच्या पुटांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, दहा मिनिटं. रबराच्या रेघांना मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन, मग साबणपाणी. पक्ष्यांची विष्ठा कोरडी खरवडू नये. ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवून उचलावी. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं. ते गंज काढतं हे खरं, पण स्टेनलेसच्या फिटिंगना खड्डे पाडतं, तेव्हा डेकसाठी ते नकोच. पांढरा मेलामाइन स्पंज चिवट डागावर उपयोगी पडतो, मात्र तो बारीक पॉलिशपेपरच आहे हे धरून चाला आणि क्वचित वापरा.

धुतल्यानंतर

डेक पूर्ण वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब गोल उभा राहिला तर जेलकोट ठीक. पसरून ओली जागा गडद झाली तर छिद्रं उघडी आहेत आणि मळ महिन्याभरात परत येईल. त्यासाठी नॉन-स्किड, म्हणजे पाय न घसरणाऱ्या डेकसाठीच बनवलेलं पॉलिमर सीलर लावा, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं पाहूनच घ्या. पातळ दोन हात, मऊ ब्रशनं. गाडीचं वॅक्स, डॅशबोर्डचं किंवा टायरचं सिलिकॉन पॉलिश इथे धोक्याचं आहे. वॅक्स खाचेत पांढरं वाळतं, ओल्या डेकवर पाय सटकतो, आणि सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. सीलर लावल्यावर बोट पाण्यात नेण्याआधी डेक ओला करून, वापरातले बूट घालून उतारावर उभं राहून पाहा.

दोनदा नीट धुऊनही करडेपणा गेला नाही आणि हाताला खडूसारखी पावडर लागत असेल तर जेलकोटचं आयुष्य संपलं आहे. तिथे आणखी रसायनं ओतण्यापेक्षा खाचांत मरून रंगाच्या स्कॉचब्राइटनं घासून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग दाणे मिसळून लावणं शहाणपणाचं.

पावसाळ्यात निळी ताडपत्री डेकवर थेट पसरू नका. तिच्याखाली ओल कोंडते आणि जूनमध्ये स्वच्छ असलेला डेक सप्टेंबरात काळा निघतो. डोलकाठी आडवी ठेवून तिच्यावरून तंबूसारखी ताणा, पुढून-मागून वारा खेळू द्या. आंबा, जांभूळ, चिंच यांच्या सावलीत बोट उभी करू नका. आणि पाण्यावरून आल्यावर त्याच दिवशी दोन बादल्या साधं पाणी मारून डेक फडक्यानं टिपून घ्या.