कोरा चौकोन नीट वाचा

आजार किती जणांना होतो त्यावरून सदोष जनुकाचं प्रमाण काढायचं हार्डी-वाइनबर्गचं सूत्र तुम्हाला पाठ असेलच, ते पुन्हा सांगत नाही. मला त्याने कधी त्रास दिला नाही. मी अडकलो वंशावळीतल्या, म्हणजे घरात आजार कोणाला ते दाखवणाऱ्या चित्रातल्या, एका चौकोनापाशी.

चित्रात बहिणीचं वर्तुळ काळं भरलेलं, तिला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणारा आजार. शेजारी भावाचा चौकोन कोरा. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे प्रत्येकाचं एक जनुक सदोष, पण स्वतःला आजार नाही. भाऊ वाहक असण्याची शक्यता किती? मी १/२ लिहिलं. जवळजवळ पूर्ण सत्रभर तेच लिहीत राहिलो आणि उत्तरं का जुळत नाहीत ते कळेना. मार्गदर्शक म्हणाले, "सूत्र नीट बघ." सूत्र बरोबरच होतं! विद्यार्थ्याची मांडणी ओळीओळीने न वाचता सल्ला देणाऱ्याकडे जाऊच नका, हे माझं ठाम मत आहे.

कागदावर चारही शक्यता लिहा: दोन्ही जनुकं निर्दोष, फक्त आईकडचं सदोष, फक्त वडिलांकडचं सदोष, दोन्ही सदोष. चारांत दोन वाहक, म्हणून १/२. पण चौकोन कोरा आहे! भाऊ मोठा झालाय, त्याला आजार नाही. मग चौथी शक्यता उरलीच कुठे? ती पेनाने खोडा, मनातल्या मनात नको. उरल्या तीन, त्यांत वाहक दोन: २/३. हाच प्रश्न त्याच्या जन्माआधी विचारला असता, तर १/२ बरोबर ठरलं असतं.

फरक किरकोळ समजू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार साधारण २५०० जन्मांत एकाला होतो. म्हणजे सदोष जनुकाचं प्रमाण १/५० आणि वाहक सुमारे १/२५. भावाची बायको त्याच समाजातली, तिच्या घरात आजार नाही, तर बाळाचा धोका २/३ × १/२५ × १/४, म्हणजे १/१५०. माझ्या चुकीने तो १/२०० होत होता, आणि सल्ला घ्यायला समोर बसलेलं जोडपं त्याच आकड्यावर निर्णय घेतं.

नवी माहिती मिळाली की शक्यता बदलून काढायचा नियम तो बेझचा; त्या नावाला घाबरू नका, ती खोडाखोड म्हणजे बेझच. ९० टक्के वाहक पकडणारी चाचणी भावाची निगेटिव्ह आली, तर? त्याच्यासारखे ३० जण धरा. वाहक २०, त्यांतले १८ सापडले, २ सुटले. खरोखर वाहक नसलेले १०. निगेटिव्ह एकूण १२, त्यांत वाहक २, म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता अजून १/६ शिल्लक. बायकोची तीच चाचणी निगेटिव्ह आली तर ती वाहक असण्याच्या शक्यतेचा आकडा १/२४१ उरतो. तो आकडा कॅल्क्युलेटरच्या संकेतस्थळावर न जाता, हातानेच काढून बघा.