‘रोमिओ आणि ज्युलिएट’ बसवताय? या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांचे फॉर्म निघाले की मुंबईतल्या एखाद्या तरी कॉलेजच्या जिन्याखाली ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची तालीम सुरू होते आणि बहुतेकदा एकाच जागी गंडते. दिग्दर्शक प्रेम बसवत राहतो, घाई बसवायची राहून जाते. शेक्सपिअरने ज्या 1562 सालच्या काव्यावरून कथानक घेतलं, त्यात हे प्रकरण कित्येक महिने चालतं. त्याने ते जेमतेम पाच दिवसांत कोंबलं. ही कोंबाकोंबी दिसली नाही, तर उरतं ते फक्त सुंदर कपड्यांतलं रडगाणं.

तारीख-वार न लावता तालीम

पहिल्या वाचनालाच भिंतीवर तक्ता लावा. रविवारी सकाळी नऊच्या आधी वेरोनाच्या रस्त्यावर दोघांच्या वैरी घराण्यांची मारामारी, रात्री ज्युलिएटच्या घरी, म्हणजे कॅप्युलेटांकडे मेजवानी, तिथेच दोघांची भेट. सोमवारी दुपारी चोरून लग्न. लग्नाला तास होतो न होतो तोच रोमिओच्या हातून ज्युलिएटच्या मामेभावाचा, टिबल्टचा खून, रोमिओला हद्दपारी. त्याच रात्री ज्युलिएटचा बाप पॅरिस नावाच्या उमरावाशी तिचं लग्न गुरुवारचं ठरवून मोकळा. मंगळवारी पहाटे रोमिओ मॅन्टुआ शहराच्या वाटेला लागतो. नंतर ज्युलिएट बापाची खोटी माफी मागते आणि बाप इतका खूश होतो की लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो.

संहिता छाटताना ही शेवटची ओळ हमखास उडते. उडवू नका. या एका दिवसामुळे तिला पाद्र्याने दिलेलं, मेल्यासारखी झोप आणणारं औषध मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं आणि ‘ती जिवंत आहे’ हे रोमिओला कळवणाऱ्या पाद्र्याच्या चिठ्ठीच्या हातचा दिवस जातो. ती ओळ नसेल तर शेवट निव्वळ नशिबावर ढकलल्यासारखा वाटतो. औषधाचा अंमल 42 तासांचा, म्हणजे पावणेदोन दिवस. ‘दोन-तीन दिवस झोपेल’ असं मोघम लिहिलं की गणित सुटतं.

तक्त्याचा खरा उपयोग नटाला होतो. रोमिओ रविवारी सूर्य उगवायच्या आधीपासून भटकतोय आणि रविवारची रात्र त्याने अंथरुणावर काढलेलीच नाही. हद्दपारी कळल्यावर तो पाद्र्याच्या खोलीत जमिनीवर लोळतो, ते जागरणाने तारवटलेल्या पोराचं आहे. तिथे गळा काढून ‘हाय रे दैवा’ केलं तर प्रेक्षक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. चिडचीड, तुटक बोलणं, समोरच्याचं वाक्य पुरं न ऐकणं, एवढ्यावर प्रवेश उभा राहतो.

रोझलिनलाही कापू नका. रविवार संध्याकाळपर्यंत हा पोरगा दुसऱ्याच मुलीसाठी उसासे टाकत होता. हे लपवून प्रेम ‘पवित्र’ करायला गेलात तर त्याचा उतावळेपणाच नाहीसा होतो. दोन वाक्यं पुरतात.

गोष्ट मुंबईत आणताना

मोह गिरगावच्या चाळीचा. बाल्कनीच्या जागी गॅलरी! मुळात नाटकात ‘बाल्कनी’ हा शब्दच नाही, आहे ती खिडकी. आणि चाळीची गॅलरी म्हणजे सगळ्या मजल्याची वहिवाट. तिथे दोघांना पाच मिनिटं निवांत बोलू देणं, हेच खोटं पडतं. चाळच हवी असेल तर मध्येच कोणीतरी बादली घेऊन जाऊ दे. दोघांना वाक्य तोडावं लागेल. मूळ प्रवेशातही आतून दाई हाका मारत असतेच.

काळ आजचा घेतलात की दोन भोकं पडतात. पहिलं मोबाइलचं. ‘मी मेले नाहीये’ एवढा मेसेज का गेला नाही, हा प्रश्न मध्यंतराच्या चहापर्यंतही थांबत नाही. ‘रेंज नव्हती’ हे उत्तर दादरच्या प्रेक्षकाला पटत नाही. दुसरं लग्नाचं. दोघं वेगळ्या धर्मांची दाखवून ‘वांद्र्याला जाऊन त्याच दिवशी कोर्ट मॅरेज’ असं लिहिलं जातं. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. म्हणजे ना घाई उरली, ना गुपित. उलट, ती नोटीस चुकीच्या माणसाच्या नजरेस पडते, असं लिहून पाहा. नाट्य तिथेच आहे. ज्युलिएट मूळ नाटकात चौदाचीही नाही. आजच्या गोष्टीत मुलगी 18 पूर्ण आणि मुलगा 21 पूर्ण ठेवा.

सगळ्यात सोयीचा काळ 1896 चा. मूळ नाटकात चिठ्ठी नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून घरात कोंडला जातो, म्हणून रोमिओला खबर पोचत नाही. मांडवीत प्लेग सुरू झालेली मुंबई घेतलीत तर हा अडथळा बाहेरून चिकटवावा लागत नाही.

मारामारी

रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याला टिबल्टचा वार बसतो तो मध्ये पडलेल्या रोमिओच्या हाताखालून. हात प्रेक्षकांकडून झाकला गेला तर रोमिओचा अपराध दिसत नाही आणि पुढचा सूड पोकळ होतो. रोमिओला प्रेक्षकांकडे तिरका उभा करा, आडवा हात खांद्याच्या उंचीवर ठेवा. लढत आधी निम्म्या वेगात पक्की करा आणि प्रत्येक प्रयोगाआधी एकदा करून घ्या. ‘पातं आत जातं’ म्हणून विकत मिळणाऱ्या सुऱ्यांवर विसंबू नका, स्प्रिंग अडकते. बोथट पातं, आणि वार अंगापासून वीतभर लांब, प्रेक्षकांच्या पलीकडच्या बाजूला.

थडग्यातला प्रवेश

ज्युलिएट मेली असं समजून रोमिओ पितो त्या विषाची बाटली काचेची नको. पडली की फुटते, आणि ज्युलिएटला अनवाणी तिथेच गुडघे टेकायचे असतात. बाटली रिकामी आहे हे शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे, कारण तिला एक थेंबही उरलेला नाही म्हणून ती सुऱ्याकडे वळते. मेलेल्या नटाची छाती स्पॉटखाली वरखाली होते. त्याला कुशीवर, पाठ प्रेक्षकांकडे करून झोपवा आणि अंगावर सैल कापड टाका.

रोमिओ मरायच्या आधी ज्युलिएटला जागी करून दोघांचा निरोप घालायचा मोह जुना आहे. इंग्रज नट डेव्हिड गॅरिकने अठराव्या शतकात तेच केलं होतं. टाळ्या मिळतात, पण चुकामूक जाते, आणि सगळं नाटक त्या चुकामुकीकडे पळत आलेलं असतं.

तिच्या मृत्यूवर व्हायोलिन लावून ब्लॅकआऊट करणं हीसुद्धा चूकच. मूळ संहितेत त्यानंतर सुमारे 140 ओळी आहेत. ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून पाद्री 40 ओळी बोलतो, त्या खुशाल चारवर आणा. पण दोन्ही बाप आणि वेरोनाचा राजा यांना रंगमंचावर आणा, दिवे पूर्ण ठेवा, आणि त्यांना प्रेतांकडे बघत बोलू द्या.