शेततळ्याच्या बांधावरून उपग्रह कसे मोजावेत

आमच्या आटपाडी भागात शेतीपंपाची लाईट पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हस्त बहाराचं डाळिंब झाडावर असताना पाणी चुकवून चालत नाही, म्हणून थंडीतल्या कित्येक रात्री माझ्या मोटरपाशी जातात. तासा-दीड तासाने उठून व्हॉल्व्ह बदलायचा, मधल्या वेळात शेततळ्याच्या बांधावर घोंगडं टाकून आडवं व्हायचं. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठवर आलंय ते बघून आमचे आण्णा पहाटेची मोट जुंपायचे. त्याच तिकांड्यातून आता ठिपके सरकताना दिसतात. पूर्वी एखादा दिसला तर मी पोरांना हाक मारून दाखवायचो. आता हाक मारेपर्यंत दुसरा आलेला असतो.

‘वाढलेत’ असं नुसतं म्हणून भागत नाही. पाऊस किती पडला हे अंदाजाने सांगितलं तर कुणी धरत नाही, मिलिमीटर लागतात. म्हणून मी पर्जन्यमापकाच्या वहीशेजारी आकाशाची वही घातली. ती कशी ठेवायची ते सांगतो. दुर्बीण लागत नाही.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने घ्या. अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस उत्तम. घरावरचा एलईडी बंद करा, बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद दोन पदरी बांधा. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाईलकडे एकदा पाहिलं की ती सगळी वाया जातात. हे मी पोरीला दहादा सांगितलं असेल.

वेळेचं गणित नीट समजून घ्या, सगळी गंमत त्यातच आहे. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे सूर्य मावळला तरी साडेपाचशे किलोमीटर उंचीवर ऊन असतं, त्या उन्हात तो चमकतो. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर साधारण एक तास पस्तीस मिनिटांनी पृथ्वीची सावली डोक्यावर त्या उंचीपर्यंत चढते. जानेवारीच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे पावणेआठ-आठला डोक्यावरचे बहुतेक ठिपके विझतात. म्हणून मी दोनदा मोजतो. सात ते सव्वासात एकदा, साडेआठ ते पावणेनऊ पुन्हा. दोन आकड्यांतला फरक बघितला की सावली कळते. एखादा ठिपका पश्चिमेकडून निघून कृत्तिकेपर्यंत येतो आणि फुंकर मारल्यासारखा मावळतो. तो कुठे गेलेला नसतो, सावलीत शिरलेला असतो. पहाटे हेच उलट्या क्रमाने घडतं.

सगळं आकाश मोजायला जाऊ नका, हिशेब हुकतो. ठरलेला एक तुकडा धरा. जानेवारीत मी कृत्तिका, रोहिणी आणि तिकांडं यांच्यामधला धरतो. उताणं पडायचं, पंधरा मिनिटं नजर तिथेच. लाल-हिरवं लुकलुकत जातं ते विमान. क्षणात रेघ ओढून विझते ती उल्का. न लुकलुकता एका चालीने सरकतो तो उपग्रह. चाल एकसारखी पण उजेड ठरावीक अंतराने कमी-जास्त होत असेल, तर बहुधा गडगडत फिरणारा रॉकेटचा रिकामा टप्पा किंवा निकामी उपग्रह. त्याला वहीत वेगळी खूण करा. शुक्राएवढा ठसठशीत ठिपका पाच-सहा मिनिटं दिसला तर अंतराळ स्थानक असू शकतं, ते चारशे किलोमीटरवर आहे.

आणि सरळ ओळीत माळेसारखे दिवे जाताना दिसले तर घाबरू नका. माझ्या शेजाऱ्याने पहिल्यांदा बघितले तेव्हा रात्री माझं दार वाजवलं होतं. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या जाळ्याचे नुकतेच सोडलेले उपग्रह असे जातात, पुढे पांगतात. पहिले साठ २४ मे २०१९ रोजी सुटले. जगातला पहिला उपग्रह स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ चा. आज चालू उपग्रहच दहा हजारांच्या पुढे आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त या एकाच जाळ्याचे.

वहीत रकाने एवढेच: तारीख, वेळ, कुठून कुठे, कोणत्या ताऱ्याएवढा ठळक, कुठे विझला. दुसऱ्या दिवशी हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून नावं जुळवा. न जुळलेली नोंद खोडू नका.

फोटो हवा असेल तर फोन विटेवर टेकवा, प्रो मोडमध्ये शटर दहा सेकंद उघडं राहील असं ठेवा, आयएसओ आठशे, टायमर दोन सेकंदांचा. डोक्यावरून जाणारा उपग्रह दहा सेकंदांत साधारण आठ अंश सरकतो, म्हणजे सोळा पूर्णचंद्र ओळीने मांडले तर जेवढी होईल तेवढी रेघ. चिलीतली रुबिन वेधशाळा रात्रभर आकाशाचे मोठमोठे तुकडे टिपते. तिच्या चित्रांत अशा रेघा किती नुकसान करत असतील ते आपल्या फोनवरची एक रेघ बघून समजतं.

उपग्रहांशी माझं वैर नाही. फवारणीआधी मी इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहांचं ढगांचं चित्र बघतो. ते उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर असतात, थोडके आणि डोळ्यांना न दिसणारे. माझी काळजी खालच्या गर्दीची आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ हा चालू उपग्रह आणि रशियाचा निकामी कॉसमॉस २२५१ सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर आदळले आणि मोजता येतील असे दोन हजारांवर तुकडे झाले. एक तुकडा दुसऱ्याला फोडतो, त्यातून आणखी तुकडे होतात. ही साखळी नासाच्या केसलर आणि कूर-पॅले या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच मांडून ठेवली होती. तेवढ्या उंचीवरचा कचरा खाली यायला कित्येक दशकं लागतात.

खालचे उपग्रह पाचेक वर्षांनी हवेत उतरवून जाळतात आणि ‘जळून गेले’ असं सांगतात. मल्चिंगचा कागद बांधावर पेटवणारासुद्धा हेच म्हणतो, पण धूर शेजारच्या बागेत जातोच. उपग्रहाचं ॲल्युमिनियम जळून त्याची बारीक भुकटी वरच्या हवेत राहते. २०२३ च्या संशोधनात स्थितांबरातल्या, म्हणजे ओझोन असतो त्या वरच्या थरातल्या, गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांत अशा जळालेल्या यानांचे धातू सापडले. ओझोनचं काय होईल याची चिंता शास्त्रज्ञांना त्यामुळेच आहे.

सगळंच जळत नाही, हेही लक्षात असू द्या. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची भली मोठी कडी पडली, आसपासच्या शिवारांत गोल टाक्या सापडल्या. तुमच्या रानात असं काही आलं तर हात लावू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोरं आणि जनावरं लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा, पोलीस पाटलांना आणि तहसील कार्यालयाला कळवा.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच बांधावरून, तोच तुकडा मोजा. जागा बदलली तर तसं लिहा. गावात नवा हायमास्ट लागला असेल तर तेही लिहा, कारण त्याच्या उजेडात मंद ठिपके दिसेनासे होतात आणि आकडा खोटाच कमी येतो. शाळेतली पोरं सोबत घेतली तर प्रत्येकाने गुपचूप मोजायचं, पंधरा मिनिटं संपल्यावरच आकडे सांगायचे. नाहीतर सगळ्यांचे आकडे पहिल्या पोराएवढेच येतात.

शेततळ्याकाठी दव फार पडतं. शाईची माझी पहिली वही त्यात पुसून गेली. पेन्सिलनेच लिहा.