मन थकून गेलंय हे ओळखायचं कसं आणि सावरायचं कसं

दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन आलात, झोपही झाली, आणि तरी सोमवारी कामावर जायच्या नुसत्या विचारानं पोटात गोळा येतोय. असं महिनाभर चाललं असेल, तर हा साधा थकवा समजू नका. साधा थकवा विश्रांतीनं उतरतो. बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ओझ्यानं आलेला मनाचा थकवा, तसा उतरत नाही, कारण तो ज्या ओझ्यातून आला ते ओझं सोमवारी जागच्या जागी असतं. त्यामुळं ओझं हलवणं हाच मुख्य उपाय, बाकीचं सगळं त्याच्या जोडीला.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटला आजारात न धरता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आणि तीन खुणा दिल्या: शक्ती संपून जाणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण सर्वांत जास्त निसटते. वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईची तारीख तोंडपाठ असणारी आशाताई रजिस्टरमधून मान वर न काढता ‘पुढची कोण?’ एवढंच विचारायला लागते. पहिलीच्या पोरांवर जीव टाकणाऱ्या बाईंना त्यांचा आवाजही सोसवत नाही. माणूस मग ‘मी इतकी तुसडी कधी झाले?’ म्हणून स्वतःलाच बोल लावतो. स्वभाव बिघडलेला नसतो. देण्यासारखं काही शिल्लक नसलं की मन आपणहून अंतर ठेवतं.

आधी रक्त तपासून घ्या. हे टाळू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12, ड जीवनसत्त्व आणि साखर, यांपैकी एक जरी बिघडलं तरी हुबेहूब असाच थकवा येतो. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता तर नेहमीची. त्यावर गोळी किंवा इंजेक्शन लागतं, पुढं सांगितलेल्या वहीतल्या नोंदींनी भागत नाही.

दुसरा फरक नैराश्याचा. बर्नआउटमध्ये, निदान सुरुवातीला, कामापासून लांब गेलं की मन थोडं मोकळं होतं. भाचरं आली की हसू येतं. दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर, कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. साताऱ्यात असाल तर क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, ओपीडीचा वार आधी विचारून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि फोन लावा.

आता त्राण कशानं जातं हे शोधायला एक वही करा. शंभर पानी कोणतीही चालेल. चौदा दिवस, सकाळी उठल्यावर, दुपारच्या डब्यानंतर आणि झोपताना, अंगातल्या त्राणाला 0 ते 10 मधला आकडा द्या आणि शेजारी एकच ओळ लिहा: कशानं गळालं? लांबलचक लिहू नका, चौथ्या दिवशी वही बंद पडेल. चौदा दिवसांनी त्या ओळी सहा ढिगांत वाटा: काम जास्त, हातात अधिकार नाही, केल्याची दखल नाही, माणसांशी खटके, अन्याय, आणि मनाला न पटणारं काम.

हे वाटप महत्त्वाचं, कारण प्रत्येक ढिगाचा उपाय निराळा. पुष्कळांना वाटतं काम जास्त आहे. वही वेगळंच सांगते. एकच माहिती आधी पोर्टलवर, मग ग्रुपवरच्या एक्सेलमध्ये, मग पुन्हा कागदावर, आणि तीही ‘आज पाचपर्यंत’, असा शिक्षकाचा दिवस जात असेल तर त्याला शिकवण्यानं थकवलेलं नाही. तिथं रजा घेऊन भागत नाही, कारण रजेवरून आल्यावर तीच तीन कोष्टकं भरायची असतात. तिथं माहिती एकाच जागी भरायचं ठरवून घ्यावं लागतं.

साहेबांकडे जाताना ‘मला झेपत नाही’ असं म्हणू नका. त्यावर ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर ठरलेलं. कामं मोजून सांगा: ‘सर, माझ्याकडं सध्या ही चार कामं आहेत. शुक्रवारपर्यंत तीन नीट होतील. चौथं पुढच्या बुधवारी चालेल, की यातलं एखादं मागं ठेवू?’ निवड त्यांच्यासमोर ठेवली की उत्तर द्यावंच लागतं. पतपेढीत किंवा बँकेत असाल तर हे मार्चमध्ये बोलून उपयोग नाही, फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोला.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर नियम तोच. ‘कुणीतरी मदत करा’ म्हटल्यावर कुणीच उठत नाही. ‘भाऊजी, रविवारी दुपारी 2 ते 6 आईंजवळ तुम्ही बसा, औषधं मी काढून ठेवते,’ असं वार, वेळ आणि काम धरून सांगा. आणि त्या चार तासांत घरात थांबू नका, नाहीतर हाक येईल आणि तुम्ही उठाल.

पहिले दोन आठवडे शरीराला द्या. उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ मग आपोआप मागं येते. दुपारी 3 नंतर चहा-कॉफी बंद. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणू नका. दारूनं डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते. कामाचे ग्रुप रात्री 8 नंतर म्यूट. चाला, पण सपाटीवर, 20 मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगानं. पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ चढायचा संकल्प आत्ता नको. रिकाम्या अंगानं दोन दिवस होतं, तिसऱ्या दिवशी जमत नाही आणि हरल्याची भावना वाढते.

साधारण तिसऱ्या आठवड्यात एखादा दिवस छान उगवतो, आणि बहुतेकांची चूक नेमकी इथं होते. त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायला घेतात आणि पुढचे तीन दिवस आडवे पडतात. चांगल्या दिवशीही कालच्याइतकंच काम करा. उरलेलं त्राण माणसांसाठी ठेवा. आपल्याकडून काही मागत नाही अशा एखाद्या मैत्रिणीकडं तासभर जाऊन या.

पूर्ण सावरायला महिने लागतात, मधे घसरणही होते. वहीतले आकडे सलग आठ दिवस 4 च्या खाली गेले तर नवीन काय अंगावर घेतलं ते आधी शोधा. सोडलेली कामं परत घेताना एका वेळी एकच घ्या, पुढच्या कामाआधी दोन आठवडे जाऊ द्या, आणि जे काम सोडून कुणाचंच अडलं नाही ते परत घेऊच नका.