जुनी गाडी घेताना पुढच्या दुरुस्तीचा हिशेब कसा मांडावा

सेकंड हँड गाडी घेताना आपण पाच-दहा हजारांसाठी घासाघीस करतो आणि क्लचचं एकच काम तेवढे पैसे गिळून टाकतं. म्हणून भाव करायला बसण्याआधी पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीचा आकडा कागदावर हवा.

१. आधी पार्टचे भाव विचारा. मनात असलेल्या प्रत्येक मॉडेलचा क्लचसेट, शॉकअबसॉर्बर, एसीचा कॉम्प्रेसर आणि हेडलाइट कितीला पडतो, ते ओळखीच्या गॅरेजमधून लिहून घ्या. शेवरोलेने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्या मोह पडेल इतक्या स्वस्त मिळतात, पण एखाद्या पार्टसाठी थांबावं लागलं तर? रोज नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत कामावर जाणाऱ्याने रिक्षाचं भाडंही हिशेबात धरावं.

२. इंधन वापराप्रमाणे निवडा. फिरणं शहरापुरतंच असेल तर डिझेल घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. इंजेक्टर आणि टर्बोची कामं महाग असतात. शिवाय बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर सततच्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो. सीएनजी असेल तर टाकीच्या चाचणीचं प्रमाणपत्र बघा. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

३. गाडी थंड असताना बघा. आधी चालू करून ठेवू नका, असं मालकाला फोनवरच सांगा. मग इंजिन चालू करा, हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं नाही, तर क्लचप्लेट संपत आलीय. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) असलेल्या गाडीत तो बदलल्याचं बिल मागा, कारण बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. गोदाकाठी पुरात उभ्या राहिलेल्या गाड्याही बाजारात येतात, तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग शोधा आणि सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा. मुंबईला जाणं-येणं असेल तर कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊन चालणार नाही; रेडिएटर आणि कूलंट मेकॅनिकला दाखवा.

४. आता बेरीज करा. समजा, एक गाडी २,६०,००० रुपयांना आहे, पण टायर, क्लच आणि बेल्ट मिळून ४०,००० चं काम निघतं. दुसरी २,९०,००० ला आहे, सगळी बिलं आहेत आणि काम काहीच नाही. म्हणजे दुसरीच १०,००० ने स्वस्त. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली असतील तर नूतनीकरण आणि पर्यावरण करही जोडा.

हा कागद विकणाऱ्यासमोर ठेवून मगच भाव करा.